सारथ्य : कॉकपिटमधली साधना आणि सेवा



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४५ आणि ४६.

आशय थोडक्यात असा. आपल्या वाट्याला आलेल्या कामात जो मनापासून रमतो, त्याला सिद्धी मिळते. कशी मिळते? ज्याच्यापासून हे सगळं विश्व निर्माण झालं आणि ज्याने ते व्यापलं आहे, त्याची पूजा तो आपल्या कामानेच करतो. म्हणजे फुलं, अक्षता, धूप सगळं कामातच आलं. ज्ञानेश्वर माऊलींनीही अठराव्या अध्यायात आपल्या कामाचीच फुलं देवाला वाहायला सांगितली आहेत.

ऐकायला गोड वाटतं. पण हे कामाच्या जागी उतरवायचं कसं? आज आपण एकच व्यवसाय घेऊन हे तपासून बघू : वैमानिकाचा. आपल्या वाचकांत काही जण फ्लाइंग ट्रेनिंग घेतायत, काहींची भावंडं एअरलाइनमध्ये आहेत, आणि बाकीचे निदान सुट्टीला घरी जाताना विमानात बसतातच. शिवाय या कामात चूक झाकता येत नाही. त्यामुळे चारित्र्य म्हणजे नक्की काय, हे तिथे फार स्पष्ट दिसतं.

रथात दोघं असतात

महाभारतातला रथ आठवा. त्यात एकटा योद्धा नसतो. रथी असतो आणि सारथी असतो. एकाचं लक्ष शत्रूवर, दुसऱ्याचं घोड्यांवर, जमिनीवर, बाजूने येणाऱ्या धोक्यावर. प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्येही तसंच असतं. एक जण विमान चालवतो, त्याला पायलट फ्लाइंग म्हणतात. दुसरा लक्ष ठेवतो, रेडिओवर बोलतो, चेकलिस्ट वाचतो, तो पायलट मॉनिटरिंग. ही वाटणी हुद्द्याची नाही. एका फेरीत कॅप्टन चालवेल आणि सहवैमानिक लक्ष ठेवेल, परतीच्या फेरीत उलट. अंतिम जबाबदारी मात्र कायम कॅप्टनचीच.

आता गंमत बघा. कुरुक्षेत्रावर ज्याच्याकडे सगळ्यात जास्त ज्ञान होतं, तो कोणत्या जागेवर बसला? सारथ्याच्या. पहिल्या अध्यायात अर्जुन त्याला सांगतो, रथ दोन्ही सैन्यांच्या मधे ने. आणि भगवंत काय करतात? रथ नेऊन उभा करतात. "मला सांगणारा तू कोण?" असा प्रश्नच येत नाही.

द्रोणपर्वात तर याहून सुंदर प्रसंग आहे. जयद्रथवधाच्या दिवशी भर युद्धात घोडे थकले होते, बाणांनी जखमी झाले होते. तेव्हा श्रीकृष्णाने घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण काढले, त्यांना चोळलं, पाणी पाजलं. तेवढा वेळ अर्जुन जमिनीवर उभा राहून शत्रूला थोपवून धरत होता. जगाचा स्वामी घोड्यांना खरारा करतोय! ज्याला सेवेत कमीपणा वाटतो, त्याने हा प्रसंग रोज आठवावा. सहकाऱ्याला त्याचं काम नीट करता यावं म्हणून आपण जे करतो, ते खालच्या दर्जाचं काम नसतं.

कौशल्य आणि अमानित्व

"मला येतं" असं वाटायला लागलं की साधक घसरतो, आणि वैमानिकही. म्हणूनच गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना पहिलंच लक्षण येतं अमानित्व, म्हणजे मोठेपणाची हाव नसणं.

विमान उडवणाऱ्यांना हा धडा फार महागात पडून मिळाला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या राइट फील्डवर बोईंगचं नवं मॉडेल २९९ हे चार इंजिनांचं विमान चाचणीसाठी उडालं, वर चढलं आणि कोसळलं. यंत्रात बिघाड नव्हता. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याने त्याची मागची नियंत्रणं हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहिली होती. चालवणारे मेजर हिल शिकाऊ नव्हते, अनुभवी वैमानिक होते. या अपघातात त्यांचा जीव गेला.

त्यावर उपाय काय निघाला? आणखी हुशार वैमानिक शोधा, असं कोणी म्हटलं नाही. एक साधी यादी तयार झाली : उड्डाणाआधी काय काय तपासायचं, विमान वर गेल्यावर काय, उतरण्याआधी काय. हीच चेकलिस्ट. त्याच विमानातून पुढे बी-१७ घडलं आणि हजारोंच्या संख्येने उडालं.

आज वीस वर्षं विमान चालवलेला कॅप्टनही ती यादी पाठ म्हणून मोकळा होत नाही. दोघं मिळून ती वाचतात, एक विचारतो आणि दुसरा बघून उत्तर देतो. हे रोजच्या नित्यपाठासारखंच आहे. हरिपाठ तोंडपाठ असला तरी आपण तो रोज म्हणतोच ना? अभ्यास म्हणजे नव्या गोष्टी शिकत जाणं एवढंच नाही. सहाव्या अध्यायात भगवंत चंचल मनाला आवरायचे दोन उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. चेकलिस्टमध्ये दोन्ही आहेत. रोज तेच करणं हा अभ्यास, आणि "माझ्या स्मरणशक्तीवर मी विसंबणार नाही" हे आपल्याच हुशारीबद्दलचं वैराग्य.

आणखी एक नियम सांगतो. अमेरिकेत १९८१ पासून असा नियम आहे की विमान १०,००० फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये उड्डाणाशी संबंध नसलेली कामं आणि गप्पा बंद. त्याआधी काही अपघातांत असं आढळलं होतं की उतरण्याच्या ऐन वेळी वैमानिकांचं बोलणं भलतीकडेच चाललं होतं. एकाग्रता ही फक्त जपाच्या वेळची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या नियमाचा जरूर विचार करावा.

"मोठ्यांना उलट बोलू नये"

आता खरी अडचणीची जागा. आपण सगळे हे वाक्य ऐकतच लहानाचे मोठे झालो. वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं, ते बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही. संस्कार चांगलाच आहे. पण ज्येष्ठाची चूक होत असेल आणि ती फक्त आपल्यालाच दिसत असेल, तर?

२८ डिसेंबर १९७८. अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ एक डीसी-८ विमान उतरण्याच्या बेतात होतं. चाकं खाली येताना मोठा आवाज झाला, आणि ती पक्की बसल्याचा दिवा लागला नाही. कॅप्टनने उतरणं लांबवलं. चाकांचा प्रश्न सुटावा, प्रवाशांची तयारी नीट व्हावी म्हणून विमान जवळजवळ तासभर घिरट्या घालत राहिलं. इंधन कमी होत चाललं होतं. फ्लाइट इंजिनिअरला ते कळत होतं, त्याने आकडे सांगितलेही. पण "आता लगेच उतरलं नाही तर इंजिनं बंद पडतील" असं ठणकावून कोणी सांगितलं नाही. शेवटी इंजिनं बंद पडलीच. विमान विमानतळापासून थोड्या अंतरावर कोसळलं. १८९ पैकी १० जण गेले, आणि त्यांत तो फ्लाइट इंजिनिअरही होता.

माहिती होती. तीच माहिती समोरच्याच्या मनात पोचली नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, २७ मार्च १९७७ रोजी, टेनेरिफच्या धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. तिथेही वेग घेणाऱ्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती, की समोरचं विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना? कॅप्टन हा त्या कंपनीतला नावाजलेला प्रशिक्षक होता. त्याने शंका उडवून लावली, आणि पुन्हा कोणी बोललं नाही.

हे वाचताना मला द्यूतसभा आठवते. द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा भीष्मांसारखे ज्येष्ठही धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणत अडखळले. बोलला कोण? विकर्ण. दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. कर्णाने त्याला पोर म्हणून झिडकारलं, त्याचं कोणी ऐकलं नाही. पण महाभारताने त्याचं बोलणं नोंदवून ठेवलं आहे. वयाने, मानाने मोठ्या असलेल्यांचं मौन त्या सभेला वाचवू शकलं नाही.

मग बोलायचं कसं? तेही गीतेत आहे. सतराव्या अध्यायातल्या पंधराव्या श्लोकात वाणीचं तप सांगितलंय : बोलणं समोरच्याला विनाकारण न डिवचणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं. आपण बहुतेक वेळा यातलं "प्रिय" तेवढं उचलतो आणि "खरं" व "हिताचं" सोडून देतो. ते तप नाही, ती भीड आहे. उलट काही जण "खरं" उचलतात आणि बाकीचं टाकून देतात. तो उद्धटपणा. चारही एकत्र साधणं याला तप म्हटलंय ते उगाच नाही.

वैमानिकांच्या प्रशिक्षणात यासाठी एक साधा क्रम शिकवतात. आधी समोरच्याला हाक मार. मग काय दिसतंय ते सांग. मग त्यात धोका काय तो सांग. मग उपाय सुचव, आणि शेवटी त्याचं मत विचार. उदाहरणार्थ : "कॅप्टन, आपला वेग जास्त आहे. असंच उतरलो तर धावपट्टी पुरणार नाही. पुन्हा वर जाऊ या असं मला वाटतं. तुमचं काय मत?" बघा, यात अपमान कुठेच नाही. आणि संदिग्धपणाही नाही.

ऐकणारा कान

पण सगळा भार धाकट्यावरच टाकणं बरोबर नाही. तिसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या श्लोकात भगवंत सांगतात की श्रेष्ठ माणूस जसं वागतो तसं इतर वागतात. कॅप्टनने पहिल्याच ब्रीफिंगमध्ये "माझं काही चुकलं तर लगेच सांग" असं म्हटलं, आणि पहिल्या वेळी कोणी सांगितल्यावर कपाळाला आठी न घालता "थँक यू" म्हटलं, तर पुढच्या वेळी तो सहवैमानिक नक्की बोलेल.

८ जानेवारी १९८९ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ झालेला अपघात आठवतो. डाव्या इंजिनात बिघाड झाला होता आणि वैमानिकांनी चुकून उजवं बंद केलं. कॅप्टनने तशी घोषणाही केली. मागे बसलेल्या काही प्रवाशांना आणि केबिन क्रूला डावीकडे ज्वाळा, ठिणग्या दिसल्या होत्या. पण "त्यांना माहीतच असेल" असं समजून ती गोष्ट कॉकपिटपर्यंत कोणीच नेली नाही. ४७ माणसं गेली. टीम म्हणजे शेजारी बसलेला सहवैमानिक एवढीच नसते. केबिन क्रू, जमिनीवरचा इंजिनिअर, सामान चढवणारा, हे सगळेच तुमचे डोळे असतात. त्यांच्याशी आपण रोज कसं बोलतो, यावर ऐन वेळी ते बोलतील की नाही हे ठरतं.

पोर्टलंडनंतर अमेरिकेत नासाने १९७९मध्ये यावर कार्यशाळा घेतली, आणि १९८१पासून कॉकपिटमध्ये एकमेकांचं कसं ऐकायचं, कसं बोलायचं, याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. आज त्याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, सीआरएम म्हणतात. त्याचं फळ १९ जुलै १९८९ला दिसलं.

डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाचा पंखा फुटला. तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. म्हणजे विमान वळवायची नेहमीची सगळी साधनं गेली. याची चेकलिस्टच नव्हती. कॅप्टन अल हेन्स यांना तीसेक वर्षांचा अनुभव होता, पण अशा प्रसंगाचा अनुभव कोणालाच नव्हता. प्रवाशांमध्ये डेनिस फिच नावाचे त्याच विमानाचे प्रशिक्षक होते. त्यांनी मदत करू का असं विचारलं. हेन्स यांनी त्यांना आत घेतलं. फिच यांनी खाली गुडघे टेकून दोन इंजिनांची शक्ती कमी-जास्त करत विमान वळवायला सुरुवात केली. १९८५ला जपानमध्ये असंच हायड्रॉलिक गेलेलं विमान कोसळून ५२० माणसं गेली होती. ती बातमी वाचून फिच यांनी सिम्युलेटरवर असं विमान इंजिनांच्या जोरावर चालवून बघितलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. कधी उपयोग होईल हेही माहीत नव्हतं.

सुमारे ४४ मिनिटांनी विमान सू सिटीच्या धावपट्टीवर आदळलं, तुटलं, पेटलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. ११२ जण गेले.

हेन्स पुढे अनेक वर्षं याबद्दल व्याख्यानं देत राहिले. ते पाच गोष्टी सांगत : नशीब, संवाद, तयारी, अंमलबजावणी आणि सहकार्य. कौतुक चौघांचं आणि जमिनीवरच्या मदत करणाऱ्यांचं, हे ते आवर्जून सांगायचे.

दुसऱ्या अध्यायात अर्जुनही हेच करतो, नाही का? आपल्या काळातला सर्वश्रेष्ठ धनुर्धर म्हणतो की मला काय योग्य ते कळेनासं झालंय, मी तुझा शिष्य आहे, मला सांग. मदत मागितल्याने अर्जुन लहान झाला नाही. गीता तिथूनच सुरू होते. आणि कर्णाचा रथ बघा. त्याचा सारथी शल्य कुशल होता, पण कर्णाचं मनोधैर्य खचवायचं वचन त्याने युधिष्ठिराला दिलं होतं. भर रणात तो कर्णाला टोमणे मारत राहिला. घोडे चांगले होते, धनुष्य चांगलं होतं, पण त्या दोघांत विश्वास नव्हता.

मग प्रयत्नांचा उपयोग काय?

११२ जणांचा आकडा वाचून हा प्रश्न मनात येतोच. एवढं सगळं करून माणसं गेलीच ना? इथे "फळ आपल्या हातात नाही" असं पटकन म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. पण भगवंतांनी ते वाक्य कामातून अंग काढून घेण्यासाठी दिलेलं नाही. आपल्या हातात कर्म आहे, म्हणून ते पूर्ण करा. फळ हातात नाही, म्हणून भीतीने हात गळू देऊ नका. फिच सिम्युलेटरवर बसले तेव्हा कोणतंही फळ समोर नव्हतं. तरी ते केलेलं कर्म १८४ घरांपर्यंत पोचलं.

आणखी एक बारकावा. अठराव्या अध्यायाच्या ६३व्या श्लोकात, सगळं सांगून झाल्यावर, श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. सांगायचं ते सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही, आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे ठेवला. चांगला सहकारी असाच असतो. विमानात मात्र याला एक मर्यादा आहे. उतरताना दोघांपैकी कोणीही "गो-अराउंड" म्हटलं, तर वाद न घालता विमान पुन्हा वर न्यायचं, असा नियम अनेक एअरलाइन्समध्ये आहे. कारण मागे बसलेल्यांना निर्णयात मत नसतं, आणि त्यांचा जीव आपल्या मानापमानापेक्षा मोठा असतो. चर्चा वर गेल्यावर करू.

विराटपर्वातला उत्तर आणि बृहन्नडा आठवा. उत्तर रथी, अर्जुन सारथी. कौरवांची सेना बघून उत्तर घाबरला आणि रथातून उडी टाकून पळाला. अर्जुनाने त्याला पकडून आणलं. पण परत घरी नेऊन त्याची फजिती केली नाही. म्हणाला, तू लगाम धर, मी लढतो. जागा बदलल्या आणि काम झालं. १५ जानेवारी २००९ला न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिनं निकामी झाली, तेव्हा विमान सहवैमानिक स्काइल्स चालवत होते. कॅप्टन सलेनबर्गर यांनी मोजक्या शब्दांत ताबा घेतला, आणि स्काइल्स त्याच क्षणी चेकलिस्टकडे वळले. "माझ्या हातून का काढून घेतलं?" हा विचार करायला सवड नव्हती, आणि गरजही नव्हती. विमान हडसन नदीत उतरलं. १५५ पैकी १५५ वाचले. बाहेर पडण्याआधी सलेनबर्गर पाणी शिरलेल्या केबिनमधून दोनदा फिरून कोणी राहिलं नाही ना हे बघून आले.

आजचा अभ्यास

तुम्ही वैमानिक असा, रुग्णालयात असा, नाहीतर हिंजवडीत लॅपटॉपसमोर असा, आज तीन गोष्टी करून बघा.

१. जे काम तुम्हाला "झोपेतही येतं", ते एकदा यादी करून, टप्प्याटप्प्याने तपासत करा.

२. वरिष्ठांना सांगायची राहिलेली एक गोष्ट आज सांगा. काय दिसतंय, धोका काय, उपाय काय, आणि "तुमचं काय मत?" सत्य, प्रिय, हितकर.

३. तुमच्यापेक्षा धाकट्या किंवा खालच्या पदावरच्या एका माणसाला विचारा, "माझं काही चुकतंय का?" मग गप्प बसून ऐका. स्पष्टीकरण देऊ नका.

प्रार्थना

हे पार्थसारथी, तू लगाम धरलास आणि घोड्यांना पाणीही पाजलंस. आम्हाला आमच्या कामात कसब दे आणि त्या कसबाचा गर्व देऊ नकोस. खरं बोलायची वेळ येईल तेव्हा जीभ अडखळू देऊ नकोस, आणि कोणी आम्हाला खरं सांगायला येईल तेव्हा आमचे कान उघडे ठेव. आज जे जे आकाशात आहेत आणि जे त्यांना सुखरूप घेऊन येतायत, त्या सगळ्यांच्या पाठीशी राहा.

राम कृष्ण हरी!